स्वस्त व्हायोलिन सुरात ठेवण्यासाठी: खुंटीपासून गजापर्यंत

व्हायोलिन शिकू लागलेल्या माणसाची पहिल्या महिन्यातील तक्रार बहुधा एकच असते: तार थांबत नाही. वर्गात गुरुजींनी चारही तारा नीट मिळवून दिलेल्या असतात आणि घरी येऊन पेटी उघडावी, तर दोन तारा उतरलेल्या आणि एक खुंटी सैल पडलेली असते. विद्यार्थी स्वतःच्या कानाला दोष देतो, पालक वाद्याच्या किमतीला दोष देतात. एका संगीतवर्गातील विद्यार्थ्यांची वाद्ये मी बरीच वर्षे जुळवत आलो आहे. चार-पाच हजार रुपयांच्या व्हायोलिनचे लाकूड साधे असते हे खरे, परंतु ते वाद्य बेसूर राहण्याचे कारण लाकडात क्वचितच सापडते. बहुतेक वेळा त्याची शेवटची जुळणीच झालेली नसते. खुंट्या छिद्रांत घासून बसवलेल्या नसतात, ब्रिजचे (तारांना मधोमध उचलून धरणाऱ्या उभ्या लाकडी तुकड्याचे) पाय वरच्या फळीला टेकत नाहीत, नटच्या (वरच्या टोकाला तारा ज्यावरून जातात त्या पट्टीच्या) खाचा अर्धवट कोरलेल्या असतात. महागड्या वाद्यावर हे काम कारागीर तासन्‌तास बसून करतो. स्वस्त वाद्यात ते विकत घेणाऱ्याच्या वाट्याला येते.

आपल्या बाजारातील नवशिक्यांची बरीचशी व्हायोलिने चीनमधून येतात. तेथील जिआंग्सू प्रांतातले शीच्याओ हे गाव या उद्योगासाठी जगभर ओळखले जाते. आपल्या देशात उत्तर प्रदेशातील रामपूर येथे अनेक कुटुंबे व्हायोलिन बनवतात. दोन्हीकडच्या स्वस्त वाद्यांतले दोष थोडेफार वेगळे असले, तरी दुरुस्तीचा क्रम सारखाच राहतो. हा क्रम मी आग्रहाने पाळतो, कारण खुंटी सरकत असताना तारेची परीक्षा होत नाही आणि ब्रिज वाकडा असताना साउंडपोस्टविषयी, म्हणजे वाद्याच्या पोटात उभ्या असलेल्या लाकडी दांडीविषयी, काही ठरवता येत नाही.

लागणारे सामान घरात किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते: ४बी किंवा ६बी क्रमांकाची मऊ पेन्सिल, पांढरा खडू, कपडे धुण्याच्या कोरड्या साबणाचा तुकडा, १२० ते ४०० नंबरचे पॉलिश पेपर, मिलिमीटरची पट्टी, लहान टॉर्च, जुने मऊ सुती कापड आणि एक व्हिजिटिंग कार्ड. सोनारकामाच्या साहित्याच्या दुकानातून गोल सुईकानस आणता आली, तर नटचे कामही घरी करता येते. पुढे दिलेली सर्व मापे पूर्ण आकाराच्या व्हायोलिनची आहेत.

आधी नीट पाहणे

कोणतीही तार सैल करण्यापूर्वी वाद्य उजेडात धरून पाहावे. फिंगरबोर्डवरून (ज्या लांब पट्टीवर बोटे तारा दाबतात तिच्यावरून) डोळा लावून ब्रिजकडे पाहिले असता मान सरळ आहे की एका बाजूला वळलेली आहे हे दिसते. त्यानंतर बोटाच्या पेराने वाद्याच्या कडेकडेने हलके ठोकत जावे. लाकूड घट्ट चिकटलेले असेल तेथे भरीव आवाज येतो आणि सांधा उघडला असेल तेथे सैल, फुटका आवाज येतो. सांधा उघडणे हा मोठा बिघाड नाही. व्हायोलिनच्या फळ्या सरसाने चिकटवतात, त्यामागचा हेतूच असा असतो की लाकूड आक्रसले तर फळीला चीर पडण्याऐवजी सांधा सुटावा आणि तो पुन्हा चिकटवता यावा. म्हणूनच उघडलेल्या सांध्यात फेविकॉल किंवा झटपट चिकटणारा गोंद कधीही भरू नये. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. हे गोंद मात्र पुढच्या दुरुस्तीची वाटच बंद करतात.

वरच्या फळीला ब्रिजच्या पायाखाली किंवा साउंडपोस्टच्या जागी चीर असेल, पेगबॉक्सची (खुंट्या ज्यात बसतात त्या खोबणीची) भिंत खुंटीच्या छिद्रापाशी तडकलेली असेल किंवा मान उखडू लागली असेल, तर पुढील पायऱ्या करण्यात अर्थ नाही. ते काम कारागिराचे आहे, आणि स्वस्त वाद्यात त्याचा खर्च वाद्याच्या किमतीहून अधिक होऊ शकतो.

खुंट्या

तार उतरण्याचे सर्वांत मोठे कारण येथे असते, म्हणून येथे वेळ काढावा. व्हायोलिनची खुंटी स्क्रूने धरलेली नसते. एका टोकाकडे निमुळती होत जाणारी ही लाकडी खुंटी तितक्याच निमुळत्या छिद्रांत केवळ घर्षणाने उभी राहते. तिचा उतार ३० मिलिमीटर लांबीत १ मिलिमीटर इतका ठेवण्याची पद्धत आहे. उतार इतका अल्प असल्यामुळे खुंटी फिरवताना ती किंचित आत दाबली की घट्ट बसते आणि दाब न देता नुसती फिरवली की हळूहळू बाहेर सरकते. नवशिका खुंटी फिरवतो पण दाबत नाही, आणि तिची पकड सुटत जाते.

एका वेळी एकच तार सैल करून तिची खुंटी बाहेर काढावी. चारही तारा एकदम काढल्या, तर ब्रिज पडतो आणि त्याच्यामागे आतील साउंडपोस्टही कोसळू शकतो. खुंटीवर दोन चकचकीत पट्टे दिसायला हवेत, पेगबॉक्सच्या दोन भिंतींशी होणाऱ्या घर्षणाचे. दोन्ही पट्टे सलग असतील तर खुंटी नीट बसलेली आहे. एकच पट्टा दिसत असेल किंवा पट्टा अर्ध्याच परिघावर असेल, तर खुंटी एकाच भिंतीवर टेकलेली आहे; तिला खडू लावून काही दिवस भागेल, पण खरा उपाय म्हणजे कारागिराकडून छिद्रे आणि खुंटी एकाच उतारात घासून घेणे. चार खुंट्यांचे हे काम एका बैठकीत होते, आणि स्वस्त वाद्यावर पहिला पैसा खर्च करायचा झाला तर तो येथेच करावा असे माझे ठाम मत आहे.

पट्टे ठीक असूनही खुंटी सरकत असेल, तर तंबोऱ्याच्या खुंटीला खडू लावतात तसाच चकचकीत पट्ट्यांवर हलका खडू घासून, खुंटी जागी बसवून काही वेळा फिरवावी. उलट खुंटी अडकत असेल आणि फिरवताना झटके खात एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत असेल, तर त्याच पट्ट्यांवर कोरड्या साबणाचा पातळ हात द्यावा. दोन्ही दोष एकत्र असतील तर आधी साबण, मग थोडा खडू. तेल, व्हॅसलीन किंवा मेण मात्र कदापि लावू नये. तेल लाकडात मुरते, मग ती खुंटी वर्षानुवर्षे पकड धरत नाही, आणि छिद्रे नव्याने बुजवून कोरावी लागतात.

तार गुंडाळण्याची पद्धतही तितकीच महत्त्वाची आहे. तारेचे टोक खुंटीच्या भोकातून थोडेसे बाहेर काढावे, पहिल्या वेटोळ्याने ते दाबून धरावे आणि पुढची वेटोळी एकमेकांवर न चढवता खुंटीच्या डोक्याकडे नेत जावी. शेवटचे वेटोळे भिंतीच्या अगदी जवळ यावे, पण भिंतीवर चेपू नये. अशा तऱ्हेने गुंडाळलेली तार ताण पडताच खुंटीला स्वतःच आत ओढते. तीच वेटोळी उलट दिशेने नेली, तर प्रत्येक फेऱ्यागणिक खुंटी बाहेर ढकलली जाते. तार नेहमी खुंटीच्या वरच्या बाजूवरून जायला हवी. वाद्याचा चेहरा आपल्याकडे आणि मळसूत्रासारखे डोके वर असे धरले असता डावीकडे खालची खुंटी सर्वांत जाड तारेची, तिच्या वरची दुसऱ्या तारेची, उजवीकडे वरची तिसऱ्या तारेची आणि उजवीकडे खालची सर्वांत बारीक तारेची असते. दुकानदाराने घाईत ही अदलाबदल केलेली मी अनेकदा पाहिली आहे. मग तारा पेगबॉक्समध्ये एकमेकींवर घासतात, आणि एक जुळवली की दुसरी हलते.

बसून वाजवणाऱ्यांसाठी एक सूचना. आपल्याकडील बैठकीत वाद्याचे डोके पायाच्या घोट्याजवळ टेकते. खुंटीची टोके घोट्यावर किंवा गादीवर दाबली गेली, तर जुळवलेली तार वाजवता वाजवता उतरते. अशा वेळी दोष खुंटीचा नसून टेकण्याच्या जागेचा असतो, आणि बैठक थोडी बदलली की तो नाहीसा होतो.

नट आणि फिंगरबोर्ड

फिंगरबोर्डच्या वरच्या टोकाला तारा ज्या आडव्या पट्टीवरून जातात ती नट. तंबोऱ्यातील अटीचे काम येथे नट करते. तारेच्या खाली व्हिजिटिंग कार्ड सरकवून पाहावे. ते थोडेसे अडत आत गेले, तर तारेची उंची ठीक आहे. कार्डांची चळत जात असेल, तर पहिल्या बोटाला दाबायला फार जोर लागतो आणि दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो. वाद्य चांगले जुळवूनही पहिले बोट नेहमी चढे का लागते, याचे उत्तर पुष्कळदा येथे असते. गोल सुईकानशीने खाच अगदी थोडी थोडी, पेगबॉक्सच्या दिशेने किंचित उतरती खोल करावी आणि दर दोन-तीन घासांनंतर तार चढवून पाहावी. खाच चुकून जास्त खोल गेली आणि मोकळी तार फिंगरबोर्डवर झणझणू लागली, तर नट हलकेच सोडवून त्याखाली पातळ कागदाची पट्टी देता येते. शेवटी खाचेत मऊ पेन्सिल फिरवावी. पेन्सिलच्या शिशामुळे तार खाचेत न अडकता सरकते. खाच कोरडी असेल तर खुंटी फिरवूनही तार तेथेच अडून राहते, आणि वाजवायला सुरुवात केल्यावर अचानक सुटून सूर बदलते.

स्वस्त वाद्याचा फिंगरबोर्ड पुष्कळदा मऊ लाकडाला काळा रंग देऊन केलेला असतो. काही महिन्यांत तारांखाली त्यावर चर पडतात. पाश्चात्य पद्धतीने सुटी बोटे ठेवणाऱ्याला त्याचा त्रास कमी होतो. मींड घेणाऱ्याचे बोट मात्र प्रत्येक चरात अडखळते. गजाननबुवा जोशी, डी. के. दातार या व्हायोलिनवादकांनी गायकी अंगाचे, म्हणजे गळ्याप्रमाणे गाणारे, जे वादन महाराष्ट्रात रुजवले, त्यात बोट तारेवरून अखंड सरकणे हाच प्राण आहे. म्हणून चर उथळ असतील तर रंग जाण्याची पर्वा न करता ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने ते लांबीच्या दिशेने घासून काढावेत. बोटे सरकावीत म्हणून खोबरेल किंवा पावडर वापरणाऱ्यांनी वादनानंतर तारा आणि फिंगरबोर्ड पुसण्याची सवय लावून घ्यावी, कारण तेल, पावडर आणि राळ यांचा थर तारेचा सूर खोटा करतो.

तारा

नव्या स्वस्त वाद्यावरच्या मूळ तारा काढून टाकाव्यात, असा सल्ला मी जवळजवळ नेहमीच देतो. त्यांची जाडी ठिकठिकाणी वेगळी असल्यामुळे मोकळी तार जुळली तरी बोटाखालचे सूर जुळत नाहीत. परीक्षा सोपी आहे. तारेच्या बरोबर मध्यावर बोट न दाबता केवळ टेकवून वाजवले असता मोकळ्या सुराच्या वरचा षड्ज मिळतो. मग त्याच ठिकाणी बोट पूर्ण दाबावे. दोन सुरांत स्पष्ट फरक येत असेल, तर एक तर तार खराब झालेली असते किंवा ब्रिज फार उंच असतो. दुसरी परीक्षा अशी की एकच बोट शेजारच्या दोन तारांवर आडवे दाबून दोन्ही एकदम वाजवाव्यात. मोकळ्या तारा पंचमाच्या अंतरात असूनही दाबल्यावर ते अंतर बिघडत असेल, तर दोनांपैकी एक तार खोटी आहे.

शिकाऊ वाद्यावर पोलादी गाभ्याच्या चांगल्या तारा, उदाहरणार्थ डॅडारिओची प्रेल्यूड, पुरेशा असतात; त्या चटकन स्थिरावतात आणि ओलाव्याने फारशा हलत नाहीत. कृत्रिम गाभ्याच्या तारांचा, म्हणजे पिरास्ट्रोच्या टोनिका किंवा थोमास्टिकच्या डॉमिनंटसारख्या तारांचा, आवाज अधिक गोड असतो. मात्र त्या चढवल्यानंतर कित्येक दिवस ताणल्या जात राहतात, आणि तोवर रोज जुळवाव्या लागतात. हा दोष समजून घाबरू नये. नव्या तारा एकेक करून बदलाव्यात आणि आधी चढवलेली तार जुळवूनच पुढच्या तारेला हात लावावा.

मुलांच्या अर्ध्या किंवा पाऊण आकाराच्या वाद्यावर त्या त्या आकाराच्याच तारा लावाव्यात. मोठ्या आकाराची तार आखूड वाद्यावर त्याच सुराला पुरेशी ताणली जात नाही, ती लोंबती राहते, आणि मुलाचे बोट कितीही अचूक पडले तरी सूर डळमळतो.

ब्रिज

सतारीला घोडी तसा व्हायोलिनला ब्रिज, आणि तो चिकटवलेला नसतो. चार तारांचा एकत्रित ताण साधारण २० ते २५ किलो असतो आणि त्यातून निर्माण होणाऱ्या खालच्या दाबावरच ब्रिज उभा राहतो. त्याची जागा वरच्या फळीतील एफ अक्षराच्या आकाराच्या दोन्ही छिद्रांवर कोरलेल्या आतल्या लहान खाचांनी ठरते. दोन्ही पाय त्या खाचांना जोडणाऱ्या रेषेवर यायला हवेत. जागा योग्य असल्यास नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी सुमारे ३२५ ते ३३० मिलिमीटर भरते.

उंची फिंगरबोर्डच्या ब्रिजकडील टोकाशी मोजावी. तेथे बारीक तारेखाली साधारण ३.५ मिलिमीटर आणि जाड तारेखाली ५ ते ५.५ मिलिमीटर जागा असावी. स्वस्त वाद्यात ती सर्रास ८ मिलिमीटरपर्यंत सापडते. एवढ्या उंच तारा दाबणे लहान मुलाला अशक्यप्राय असते, आणि अशा वाद्यावर चार महिने झगडून व्हायोलिन सोडून दिलेली मुले पाहिली की मला मनापासून वाईट वाटते, कारण दोष अर्ध्या तासाच्या कामाचा होता.

ब्रिज कमी करण्यापूर्वी त्याच्या वरच्या कमानीचा आकार जाड कागदावर पेन्सिलने उतरवून घ्यावा. तारा सैल करून ब्रिज काढावा, किती कमी करायचे ते मोजून कागदाच्या नमुन्याने नवी कमान आखावी आणि १२० नंबरच्या पेपरने हळूहळू तेथपर्यंत यावे. कमान सपाट होऊ देऊ नये. ती सपाट झाली तर मधली तार वाजवताना गज शेजारच्या तारांना लागतो. ब्रिजची वरची कडा सुमारे १.२ ते १.४ मिलिमीटर जाड ठेवावी. कारखान्यातले ब्रिज बहुधा याच्या दुप्पट जाड येतात आणि आवाज कोंडल्यासारखा होतो. जाडी कमी करताना फक्त फिंगरबोर्डकडील बाजू घासावी, टेलपीसकडील (तारांची खालची टोके अडकतात त्या तुकड्याकडील) बाजू सपाटच राहू द्यावी. तारेच्या खाचा उथळ असाव्यात. तारेचा तिसरा भाग, फार तर अर्धा भाग खाचेत बुडावा. बाहेरच्या दोन तारांमध्ये ब्रिजवर ३३ ते ३४ मिलिमीटर अंतर ठेवावे आणि खाचांत पेन्सिल फिरवावी. बारीक पोलादी तार लाकडात रुतू नये म्हणून तिच्याखाली चर्मपत्राचा छोटा तुकडा किंवा तारेसोबत येणारी प्लास्टिकची नळी द्यावी.

पाय फळीला पूर्ण टेकतात की नाही हे टॉर्चच्या उजेडात पाहावे. पायाखालून उजेडाची रेघ दिसत असेल, तर ब्रिजच्या जागी फळीवर पॉलिश पेपर, खरखरीत बाजू वर करून, कडेला टेपने चिकटवावा आणि ब्रिज त्यावर सरळ उभा धरून पुढेमागे थोडा घासावा. पायांना फळीच्या उंचवट्याचा आकार आपोआप मिळतो. घासताना ब्रिज डुलू देऊ नये, नाहीतर पाय गोल होतात.

सूर जुळवताना तारा खुंटीकडे ओढल्या जातात आणि ब्रिजचे डोके त्यांच्याबरोबर फिंगरबोर्डकडे झुकते. दर वेळी तारा जुळवल्यावर बाजूने पाहावे. टेलपीसकडील सपाट बाजू फळीशी काटकोनात असावी. झुकला असेल तर वाद्य मांडीवर ठेवून दोन्ही हातांच्या अंगठ्या-तर्जनीने ब्रिजचा वरचा भाग धरून अगदी थोडा मागे आणावा. तारा फार ताठ असतील तर आधी किंचित उतरवाव्यात. या एका सवयीअभावी ब्रिज कायमचा वाकतो, आणि एक दिवस मोठ्या आवाजाने आडवा पडून फळीला इजा करतो.

टेलपीस आणि बारीक जुळवणीचे स्क्रू

तंबोऱ्याला मणी असतात, तसे व्हायोलिनच्या टेलपीसवर फाइन ट्यूनर असतात. पोलादी तारांसाठी चारही तारांना ते असलेले बरे, आणि एकेक सुटे लोखंडी स्क्रू लावण्यापेक्षा ज्यात ते मुळातच बसवलेले असतात असा हलका टेलपीस घ्यावा. स्क्रू पूर्ण खाली गेला की तो आणखी फिरवत बसू नये. तो पूर्ण सैल करावा, तार खुंटीने वर आणावी आणि मग स्क्रूने शेवटचा कण जुळवावा. खाली गेलेल्या स्क्रूचा दांडा वरच्या फळीला ओरखडे पाडतो. टेलपीस ज्या नायलॉनच्या दोरीने खालच्या बटनाला अडकवलेला असतो ती स्वस्त वाद्यात ताणत राहते, आणि खुंट्या घट्ट असूनही चारही तारा एकत्र उतरताना दिसतात. असे दिसले की दोरी बदलावी. ब्रिज आणि टेलपीस यांमधील तारेची लांबी सुमारे ५५ मिलिमीटर राहील, अशा बेताने नव्या दोरीची लांबी ठरवावी.

साउंडपोस्ट

उजव्या एफ छिद्रातून टॉर्चने आत पाहिल्यास ब्रिजच्या बारीक तारेकडील पायाच्या किंचित मागे सुमारे ६ मिलिमीटर जाडीची लाकडी दांडी उभी दिसते. ती चिकटवलेली नसते. दोन फळ्यांमध्ये फक्त अडकून उभी असते. तिची जागा पायाच्या मागील कडेपासून साधारण २ ते ३ मिलिमीटर टेलपीसकडे असते. ती तिरकी असेल किंवा तिचे टोक फळीला पूर्ण टेकत नसेल, तर आवाज पातळ आणि पोकळ येतो. ती पडली असेल तर वाद्यात खडखडाट होतो. अशा वेळी लगेच चारही तारा सैल कराव्यात, कारण आधाराविना वरची फळी ब्रिजखाली खचते. ती उभी करण्यासाठी इंग्रजी एस अक्षरासारखे वाकडे हत्यार लागते. हे काम घरी करू नये असे मी सुचवतो. हत्याराने एफ छिद्राच्या कडा तुटतात, आणि तुटलेली कडा सांधणे दांडी बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

सूर जुळवणे

पाश्चात्य पद्धतीत जाड तारेकडून बारीक तारेकडे जी, डी, ए, ई अशा तारा असतात. यांतील ए तार ४४० हर्ट्झला जुळवतात आणि बाकीच्या तिच्याशी पंचमाच्या नात्याने मिळवतात. गोव्यात चर्चच्या पाठशाळांतून व्हायोलिन शिकवण्याची परंपरा पोर्तुगीज काळापासून आहे आणि तेथील विद्यार्थी याच पद्धतीने जुळवतो. हिंदुस्थानी वादकांत मात्र एकच रीत नाही, आणि कोणती रीत धरली त्यावर तारांचे आयुष्य अवलंबून असते. हार्मोनियमवरील पांढरी दोन (डी) षड्ज मानला, तर पाश्चात्य जुळणीच्याच तारा म-सा-प-रे होतात आणि एकही तार हलवावी लागत नाही. त्याच षड्जावर प-सा-प-सा हवे असेल, तर जाड तार एक स्वर चढवावी लागते आणि बारीक तार एक स्वर उतरवावी लागते. पांढरी पाच (जी) षड्ज धरून सा-प-सा-प लावायचे असेल, तर जाडीकडील दोन तारा जागच्या जागी राहतात आणि उरलेल्या दोन एकेक स्वर उतरतात. चढवलेली तार तुटण्याचा धोका असतो, फार उतरवलेली तार गजाखाली लोळते. त्यामुळे षड्ज ठरल्यावर तारांचा संच पुन्हा पुन्हा न बदलता एकाच षड्जावर वाद्य स्थिर होऊ द्यावे.

जुळवताना तार नेहमी खालून वर आणावी. वर गेलेली तार खाली आणून थांबवली, तर नट आणि ब्रिजच्या खाचांत उरलेला ताण काही मिनिटांत सुटतो आणि तार कणसूर होते. म्हणून वर गेल्यास पूर्ण खाली उतरवून पुन्हा चढवावी. मोबाइलवरचा ट्यूनर पहिल्या तारेसाठी उपयोगी पडतो, पण बाकीच्या तारा त्यावर सोपवू नयेत. ट्यूनरचा पंचम समान विभागणीचा असतो आणि ३:२ या शुद्ध प्रमाणातील पंचमाहून किंचित उतरा असतो. तंबोऱ्याचे ॲप किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावून शेजारच्या दोन तारा एकदम, हलक्या गजाने वाजवाव्यात. दोन सुरांमध्ये लाटांसारखी डुलणी ऐकू येत असेल, तर पंचम अजून जुळलेला नाही. डुलणी मंदावत मंदावत थांबली की दोन तारा एक होतात, आणि हा क्षण कानाला एकदा ओळखता आला की विद्यार्थ्याला ट्यूनरची गरज उरत नाही. चौथी तार जुळल्यावर पहिलीकडे परत यावे, कारण शेवटच्या तारांच्या ताणाने ब्रिज आणि फळी किंचित दबलेली असते. चारही तारांवरून किमान दोन फेऱ्या कराव्याच लागतात.

गज आणि राळ

स्वस्त वाद्याबरोबर येणारा गज हा त्या संचातील सर्वांत दुबळा भाग असतो. केस ताणल्यावर गजाची काठी आणि केस यांच्यामध्ये मधोमध पेन्सिलीच्या जाडीइतके अंतर राहावे. काठी सरळ होईपर्यंत ताणू नये. वादन संपल्यावर स्क्रू सैल करणे ही गजाच्या देखभालीतली पहिली गोष्ट आहे. नव्या राळेची वडी काचेसारखी गुळगुळीत असल्यामुळे केसांना लागत नाही. तिचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडावा. नव्या केसांना सुरुवातीला भरपूर राळ लागते, त्यानंतर रोज चार-पाच हात पुरतात. केसांना बोट लावू नये, कारण त्वचेवरील तेलाने ती जागा तारेवरून निसटू लागते. तारांवर आणि फळीवर पडलेली पांढरी पूड रोज कोरड्या कापडाने पुसावी. स्पिरिट किंवा सॅनिटायझर वाद्याच्या पॉलिशला लागला तर ते विरघळते, त्यामुळे तार पुसण्यासाठी स्पिरिट वापरायचेच असेल तर खाली जाड कापड अंथरावे.

पेटी बरेच दिवस बंद राहिली आणि उघडल्यावर गजाचे केस टोकाशी तुटून लोंबताना दिसले, तर समजावे की कसर लागली आहे. ही अळी घोड्याच्या केसांवर जगते आणि अंधारात वाढते. पेटी रिकामी करून झाडून, कोपऱ्यांतून व्हॅक्यूम फिरवून उन्हात ठेवावी. वाद्य मात्र उन्हात ठेवू नये.

हवा

वाद्याला हवेत ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ती याच्या पुष्कळ वर जाते. खुंट्या फुगून अडकतात, आणि जोर करून फिरवल्या तर पेगबॉक्स तडकतो. पावसाळ्यापूर्वी प्रत्येक खुंटी बाहेर काढून साबणाचा हात देऊन ठेवावा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. अडकलेली खुंटी पकडीने पिळण्याऐवजी वाद्य एक-दोन दिवस कोरड्या खोलीत राहू द्यावे, ती स्वतःच सैल होते. मराठवाड्यात आणि विदर्भात मे महिन्यात याच्या उलट घडते: लाकूड आक्रसते, खुंट्या एका रात्रीत सुटतात, आणि सकाळी पेटी उघडल्यावर चारही तारा लोंबताना आणि ब्रिज आडवा पडलेला सापडतो. तेथे खडू जवळ ठेवावा, झोपण्यापूर्वी खुंट्या किंचित आत दाबाव्यात, आणि कूलरच्या थेट झोतासमोर वाद्य ठेवू नये, कारण दिवसा ओली आणि रात्री कोरडी हवा असा रोजचा हेलकावा कोणत्याही एका टोकापेक्षा अधिक घातक असतो. कॅनडा किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हिवाळ्यात घर गरम ठेवण्याच्या यंत्रणेमुळे नागपूरच्या मे महिन्याइतकीच कोरडी हवा मिळते. तेथे पेटीत ठेवायची ओलाव्याची नळी आणि एक साधा आर्द्रतामापक घ्यावा.

गाडीच्या डिकीत वाद्य ठेवू नये. उन्हात उभ्या गाडीत सरस मऊ होतो, मान किंचित पुढे झुकते आणि तारांची उंची कायमची वाढते. कोकणातून घाटावर किंवा घाटावरून कोकणात वाद्य नेल्यास पोहोचताच जुळवण्याची घाई करू नये. पेटी बंदच ठेवून दोन-तीन तास तिला नव्या हवेत रुळू द्यावे, मग खुंट्या एकेक करून दाबून पाहाव्यात, ब्रिज सरळ आहे की नाही ते बाजूने पाहावे आणि त्यानंतरच षड्ज लावावा.